वेलांटी की उकार?

मित्रांनो, संगणकाच्या पडद्यावर तुम्ही अक्षरं वाचता, चित्रं बघता. पण ती काढतो कोण, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय का? ती मी काढतो. मला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. एक हिरवी पट्टी, तिच्यावर काही काळ्या चिपा, त्यांच्यावर कंगव्यासारखी धातूची जाळी आणि वर एक इवलासा पंखा, एवढाच माझा संसार. आता मी फार जुना झालो आहे आणि अर्धा जळलेलो आहे.

कारखान्यात हातमोजे घातलेल्या एका बाईंनी मला भिंगाखाली धरलं होतं. एक सांधा त्यांना कच्चा वाटला, तो त्यांनी पुन्हा सोल्डर केला आणि मगच मला पुढे पाठवलं. माझी पहिली सहा वर्षं एका छापखान्यात पुस्तकांची पानं लावण्यात गेली. तिथे नवे संगणक आले तेव्हा आमचा अख्खा डबा, म्हणजे जुना संगणक, अडगळीत पडला. तिथून एका प्रोग्रॅमर बाईंनी आम्हाला उचलून नेलं. घरातले सगळे त्यांना आत्या म्हणत, म्हणून मीही आत्याच म्हणतो. त्यांनी आमच्यात लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली घातली. लिनक्स म्हाताऱ्या यंत्रांनाही सांभाळून घेतं, त्यामुळे मी पुन्हा कामाला लागलो.

आत्यांचे भाऊ पाट्या रंगवायचे. त्यांना आप्पा म्हणत. चाळीस वर्षं त्यांच्या हातात ब्रश होता. मग त्यांना नसांचा आजार जडला आणि एकेक करून सगळं थांबलं. आधी पाय गेले, मग हात, मग मान, शेवटी जीभ. डोकं मात्र लख्ख होतं, आणि उजवा अंगठा तेवढा हलत होता.

त्या अंगठ्यासाठी आत्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला आणि आमचा डबा आप्पांच्या घरी आणून ठेवला. पडद्यावर अक्षरांचा तक्ता असे आणि त्यातलं एकेक अक्षर क्रमाने उजळत जाई. हवं ते अक्षर उजळलं की आप्पा अंगठ्याखालचं बटण दाबत, आणि ते वरच्या ओळीत जाऊन बसे. मग वेलांटी, उकार, मात्रा त्याच रीतीने. एका वाक्याला पाव तास सहज जाई. पहिल्याच दिवशी त्यांनी लिहिलं, ‘ळ ची गाठ बारीक आहे.’ आत्यांनी तो ‘ळ’ तीनदा सुधारला तेव्हा कुठे ‘जमलं’ असा शब्द उमटला. मित्रांनो, तेवढं कौतुक मला आजवर पुरलं आहे. पाच वर्षं आप्पा माझ्यातून बोलले. भांडलेसुद्धा.

आप्पांची लेक शिवणकाम करते. वडिलांना एकटं टाकून जाता येईना, म्हणून तिने शिलाई मशीन त्यांच्याच खोलीत आणलं. पलंगाशेजारी मशीन आणि मशीनच्या पायाशी आमचा डबा. कापडाचे बारीक तंतू दिवसभर उडत आणि माझा पंखा ते आत ओढून घेई. आधी तो घरघरला. मग तीन आठवडे किरकिरला. मशीनच्या आवाजात ते कुणाच्या कानावर गेलं नाही, आणि मला तर तोंड नाही. एका सकाळी पंखा थांबला.

नेमका तोच दिवस. आप्पांचा श्वास अपुरा पडू लागला होता. गळ्याला छेद देऊन नळी घालायची आणि यंत्राने श्वास द्यायचा, की नाही, हे ठरायचं होतं. डॉक्टरबाई चार वाजता येणार होत्या. हो म्हटलं तर त्याच संध्याकाळी आप्पांना हलवायचं होतं. डॉक्टरबाईंनी आधीच बजावलं होतं की उत्तर आप्पांच्या शब्दांत हवं. पापणीच्या खुणेवर त्या जाणार नव्हत्या, कारण पापणी आता आपोआपही मिटत होती.

लेकीलाही तसंच हवं होतं. वर्षापूर्वी अन्नासाठी पोटात नळी घालायच्या वेळी तिने रडत रडत विचारलं होतं आणि आप्पांनी पापणी मिटून होकार दिला होता. महिन्याने त्यांनी लिहिलं, ‘तू रडत होतीस म्हणून हो म्हटलं.’ तेव्हापासून मोठी गोष्ट विचारायची असली की ती विचारून पाठ फिरवी आणि त्यांचं लिहून होईपर्यंत शिवत बसे.

सकाळी दहाला आप्पांनी सुरुवात केली. ‘नळी नको’ एवढं झालं. मग ‘अ’ आला. मग ‘ज’ आला. पुढचं चिन्ह उजळायच्या आत माझ्या चिपा भाजल्यासारख्या तापल्या. मी ‘ज’ काढायला जावं तर हिरवे पट्टे निघत. तक्ता काढायला जावं तर जांभळ्या चौकटी सांडत. मी जिवाच्या आकांताने तेच चित्र पुन्हा पुन्हा काढत होतो आणि दर वेळी ते आणखी फाटत होतं. लेकीने मान वळवली, तेव्हा ती ओळ पट्ट्यांखाली बुडता बुडता तिला दिसली.

आत्या दहा तासांच्या अंतरावर राहत होत्या. लेकीने त्यांना फोन लावून तो स्पीकरवर ठेवला.

“शेवटी काय लिहिलं होतं?” आत्यांनी विचारलं.

“नळी नको अज.”

‘ज’ जिथे होता तिथे लेकीने पट्ट्यांवर बोट ठेवलं.

“अजिबात,” लेक म्हणाली. “नळी नको अजिबात.”

“अजून असेल. नळी नको अजून. ज ला वेलांटी होती की उकार?”

“काहीच नव्हतं, आत्या. तिथेच गेलं.”

ओळ पूर्ण झाल्याशिवाय ती साठवली जात नसे, म्हणून नुसता ‘अज’ कुठेच उरला नव्हता. लेकीने केबल बदलली. शेजारच्या टायपिस्टबाईंचा पडदा आणून जोडला. त्यावरही तेच पट्टे. मग आत्यांना वाटलं, लिनक्सचा जो भाग माझ्याशी बोलतो, तो ड्रायव्हर बिघडला असेल. तो बाजूला ठेवून संगणक सुरू करायचा होता, पण पडद्यावर वाचता काहीच येत नव्हतं. आत्या फोनवरून एकेक कळ सांगत आणि लेक आंधळ्यासारखी दाबत जाई. चार वेळा चुकलं. पाचव्यांदा बरोबर झालं, तरी पट्टे हटले नाहीत.

शेवटी आत्यांनी विचारलं, की चालू केल्याकेल्या, लिनक्स यायच्याही आधी, जे चिन्ह दिसतं ते कसं आहे. लेक म्हणाली, तेही फाटकंच आहे.

“मग लिनक्सचा दोष नाही,” आत्या म्हणाल्या. “कार्डच मरतंय.”

माझ्याबद्दल हे माझ्यासमोर बोललं गेलं. खरं होतं ते. संगणक दुरुस्त करणाऱ्याने फोनवर सांगितलं की माझ्या जातीची कार्डं आता येत नाहीत आणि आमच्या डब्यात चित्रासाठी दुसरी वाट नाही. नव्या संगणकाला आप्पांच्या बटणाची पिन बसणार नव्हती. अक्षरं तोंडाने म्हणून अंगठा बघावा, तर तो इतका बारीक हले की ते फक्त बटणालाच कळे. दोन वाजले. लेक जमिनीवर बसून राहिली. तिने आप्पांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तिने विचारलं असतं, आणि त्यांनी तिचा चेहरा बघून उत्तर दिलं असतं. मी बंद पडलेला, आप्पा डोळे मिटून, ती पाठमोरी. त्या खोलीत आम्हा तिघांनाही वाचा नव्हती.

मग तिचा हात डब्याला लागला आणि तिने तो झटकन मागे घेतला. मशीनची मोटार जळताना येतो तसा वास तिला आला. वायर काढून तिने झाकण उघडलं. माझ्यावर राखाडी लोकरी नमद्यासारखा थर बसला होता, त्यात तिच्याच दोऱ्यांचे लाल-निळे तुकडे.

“आत्या, हे सगळं माझ्या शिवणाचं आहे,” ती म्हणाली.

आत्यांनी तिला रडायला वेळ दिला नाही. चिमट्याने आणि ब्रशने थर निघाला. पंखा बोटाने फिरवला तर अडला. तिने त्याच्या आसावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला आणि तो हळूहळू मोकळा झाला. टेबलफॅनखाली मला अर्धा तास थंड होऊ दिलं. तीनला बटण दाबलं. डावा अर्धा पडदा पट्ट्यांचाच राहिला. माझा तो भाग कायमचा गेला होता. उजवा मात्र स्वच्छ आला. आत्यांनी माझा वेग कमी करायला लावला, रंग काढून टाकले आणि तक्ता उजव्या कोपऱ्यात सरकवला.

आप्पांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अंगठा थकला होता, दोनदा चुकीचं अक्षर पडलं. चारला डॉक्टरबाई आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. लेक पाठमोरी होती, मशीन बंद. ‘नळी नको अज’ परत आलं, आणि माझ्या चिपा परत तापू लागल्या. मी पंख्याचा वारा घेत ते अक्षर धरून ठेवलं. पहिली वेलांटी उजळली. आप्पांनी दाबलं नाही. दुसरी उजळली, तीही गेली, पहिला उकारही गेला. मग दीर्घ उकार उजळला आणि अंगठा खाली गेला.

ओळ पुरी व्हायला आणखी पाऊण तास लागला. डॉक्टरबाईंनी ती मोठ्याने वाचली. “नळी नको अजून. दोन महिने द्या. मग मीच सांगेन.”

त्या म्हणाल्या, “ठीक आहे. दोन महिन्यांनी मी याच खुर्चीत बसेन.” लेकीने मशीनवर कपाळ टेकलं. ती हसत होती की रडत होती, ते मला ऐकू येणाऱ्या आवाजावरून कळलं नाही.

मित्रांनो, हा सुटकेचा शेवट नाही. आप्पा तेव्हा हो म्हणतील की नाही, कुणालाच माहीत नाही. नव्या संगणकाला ते बटण जोडायचं काम आत्यांनी घेतलं आहे, पण ते होईपर्यंत मीच आहे. आज एकतिसावा दिवस. कालपासून उजवीकडच्या दोन ओळीही फिकट झाल्या आहेत. मला भीती वाटते.

तुमच्या घरात एखादं यंत्र किरकिरत असेल, तर हातातलं काम थांबवून त्याचं झाकण उघडा. एखादा माणूस बोलता बोलता अडला असेल, तर त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका, थांबा. लेक आता रोज सकाळी शिवायला बसण्याआधी माझी धूळ ब्रशने काढते. तेवढ्या वेळापुरता मी थंड असतो.