आगाप बटाटे

रविवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता श्रीधरने सांगून टाकलं, "अगं, आज ऑफिसातली मंडळी येणारेत. मागचं अंगण सपाट करायला. बॅडमिंटनसाठी. मी हो म्हटलंय."

कालिंदी लीनाला मऊभात भरवत होती. घास हातातच राहिला.

"तिथे माझे बटाटे आहेत."

"बटाटे काय, बाजारात ढिगाने मिळतात!"

एवढं एक वाक्य त्याने गिळलं असतं तर बरं झालं असतं.

लग्न झाल्यापासून कालिंदीने दोन बागा लावल्या आणि दोन्ही सोडल्या. नागपूरला वांगी फुलावर आली न आली, तोच बदलीचा हुकूम निघाला. दिल्लीत वाटाण्याच्या शेंगा भरायच्या आत सामान बांधावं लागलं, पुढे त्या घरात आलेल्या बाई कधीतरी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमचे वाटाणे काय गोड होते हो!" कालिंदी नुसती हसली होती. म्हणून बावन्न साली बेहाल्याच्या या सरकारी घरात पाऊल ठेवलं तेव्हाच तिने मनाशी ठरवलं, या खेपेला हुकूम यायच्या आधी पीक काढायचंच. आपल्या हातचं आपल्या पोरीच्या तोंडात पडलंच पाहिजे.

दिवाळीतली कालीपूजा उरकली तशी तिने कुदळ हातात घेतली. यंदा थंडीचा पत्ता नव्हता, घरोघर पंखे फिरत होते. शेजारच्या दत्त बौदी, म्हणजे बंगाली रीतीने दत्तवहिनी, भिंतीवरून म्हणाल्या, "इतक्या उबेत आगाप लावायची कशाला घाई? बेणं कुजेल." पण थांबायला वेळ कुणाला होता? कापलेलं बेणं उबेत सडतं म्हणून तिने लहान लहान अख्खे बटाटे निवडले, त्यांचे कोंबाचे डोळे वर येतील असे सरीत ठेवले. कडेने मेथी-मुळ्याचं बी फोकून पेरलं. सगळं लीनाच्या दुपारच्या झोपेत. पहिला कोंब दिसला तेव्हा तिने झोपलेल्या लेकीला उचलून आणून तो दाखवला होता. लीनाने एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

आता रोपं वीतभर झाली होती. आजच त्यांना माती लावायची होती, नाहीतर उघडे पडलेले बटाटे उन्हाने हिरवे झाले असते.

"मला विचारलंत?" तिने विचारलं.

"दत्तसाहेब स्वतः म्हणाले. त्यांना नाही कसं म्हणणार?"

"त्यांना नाही म्हणता येत नाही, आणि मला विचारता येत नाही. मग येतं तरी काय तुम्हाला?"

"चार रोपांसाठी एवढं—"

"चार? मागल्या दारी शेवटचे कधी गेला होतात?"

श्रीधरला खरंच आठवत नव्हतं.

तेवढ्यात मागच्या फाटकाशी गलका झाला. पांढऱ्या पाटलोणीतले दत्तसाहेब पुढे, मागे ऑफिसातले आणखी दोघे. खांद्यावर बांबू, काखेत जाळं, हातात चुन्याचं घमेलं. श्रीधर लगबगीने बाहेर गेला. लीनाला कडेवर घेऊन कालिंदी दारात उभी राहिली. हा नाही म्हणाला, की आपला राग उतरेल, असं तिला त्या क्षणी वाटलं.

श्रीधर हिंदीत म्हणाला, "काय करू साहेब, बायकोने भाजी लावलीय. ऐकतच नाही. बायकांचं तुम्हाला ठाऊकच आहे!" आणि हसला. तिघेही हसले.

"बौदी, बटाटे हवेत ना? पोतंभर पाठवतो!" दत्तसाहेब म्हणाले.

कालिंदीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"असं नाही सांगायचं," ती मराठीतच नवऱ्याला म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो अधिक टोचला. "मी ऐकत नाही म्हणून नव्हे. जागा तुम्ही न विचारता देऊन टाकलीत. चूक तुमची. तुमची म्हणूनच सांगा."

"अगं, लोकांसमोर..."

"हसलात लोकांसमोरच ना?"

त्या तिघांना मराठी येत नव्हती. पण जे कळायचं ते कळलं. एकाने घमेलं हळूच खाली ठेवलं. श्रीधरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. घसा खाकरून तो पुन्हा हिंदीत म्हणाला,

"चूक माझी झाली, साहेब. तिला न विचारताच मी हो म्हणालो. इथे नाही जमायचं."

दत्तसाहेबांनी बांबूकडे पाहिलं. "मग काय, आमच्याच अंगणात..."

"माझ्या कोबीला हात लावून बघा!" भिंतीपलीकडून दत्त बौदी कडाडल्या.

सगळे हसले, श्रीधरसुद्धा. कालिंदी नाही हसली. मंडळी बांबू सावरत निघून गेली तरी तिचा राग उतरला नव्हता. लीनाने मात्र आईच्या गळ्याला घट्ट मिठी मारली होती. ती मिठी सोडवताना कालिंदीने त्या मऊ मानेवर ओठ टेकवले आणि तिला वाफ्याच्या कडेला पसरलेल्या पोत्यावर बसवलं.

"झालं समाधान?" श्रीधरने विचारलं.

"नाही." तिने कुदळ उचलली आणि पहिल्या रोपाच्या बुडाशी माती ओढली.

तो दोन पावलं तिच्याजवळ सरकला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "मी काही करू का?"

"करा. आधी वाफ्यातला पाय काढा."