हाय तसा आनंदा

भातगिरणीत पोती मोजण्यात माझं आयुष्य गेलं. त्यामुळे माणसालाही मी तसाच मोजतो, पारखतो, आणि तोळाभर कमी भरला की तोंडावर सांगतो. सत्तावन्न सालच्या त्या सकाळी आनंदा पेंटरच्या चित्रात खोट काढायलाच मी गेलो होतो.

आनंदा पनवेलजवळच्या कोन गावचा. पनवेलच्या बाजारातल्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या. उरणच्या सत्यवतीशी त्याचं लग्न ठरत आलं होतं. तिच्या बापाने फोटो मागितला, तर हा म्हणाला, "फोटोवाला काळ्याचा गोरा करतो. मी आरशात बघून माजा मीच काढीन. हाय तसा." तीन दिवस तो आरशासमोरून हलला नव्हता. दुपारच्या एस.टी.ने मी उरणला जाणार, म्हणून चित्र माझ्याच हाती द्यायचं होतं.

"या दाजी, काढा चुका."

मी एकेक कलम तपासू लागलो. नाक वाकडं, बरोबर. हनुवटीवरचा व्रण, बरोबर. पुढे आलेला दातही लपवला नव्हता.

"लेका, पोरगी पळून जाईल!"

तो हसला. बोटांत विडी जळत होती.

"आणि या कानाच्या पाळ्या आहेत की घावनं?"

"हायत तशाच काडल्या."

"भुवया मात्र अर्ध्याच राहिल्या. बाहेरच्या टोकाला केसच नाहीत. घाई झाली वाटतं?"

"घाई कसली? तीन दिस बगतोय. दिसलं तेवडंच काडलं."

सापडला, म्हणून मी चित्रावरून त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

भुवया अर्ध्याच होत्या.

कसला तरी जळका वास आला. विडी पार संपून निखारा त्याच्या बोटाला टेकला होता, आणि तो माझ्याकडे बघून हसतच होता.

"आनंदा, विडी टाक."

त्याने बोटाकडे पाहिलं. मग आरशात. हसू गेलं.

गेल्या पावसाळ्यात दवाखान्याची पाटी त्यानेच रंगवली होती. वर 'महारोग', खाली एक चेहरा, शेजारी लक्षणं: गळालेल्या भुवया, जाड पाळ्या, बधिर बोटं. शेवटी, 'लवकर या, गोळ्यांनी बरा होतो.' अक्षर छान आलंय, म्हणून मी त्याची पाठ थोपटली होती.

"दाजी, त्या पाटीवरचं त्वांड मीच रंगवलंय ना?"

मला काय सुचावं? "दोन रेघा मार पेन्सिलीच्या. उरणात कोणाला कळतंय!"

"मंग मी फोटोवालाच की."

त्याने चित्र माझ्यापुढे धरलं आणि तसाच थांबला. तेव्हा कळलं, मी उंबऱ्याच्या बाहेर उभा होतो. कधी सरकलो, देव जाणे. त्याने मात्र ते पाहिलं होतं.

चित्र त्याने पुन्हा आरशाशेजारी टेकवलं.

"उरणला मीच जाईन, सत्यवतीला सांगायला. आदी दवाखाना." चप्पल पायात सरकवत तो म्हणाला, "तुमी बरोबर चला. हातभर लांबून चाललात तरी चालंल."

मी निघालो. बाजारभर दोन्ही बाजूंना त्याच्याच पाट्या होत्या, आणि मी हातभर लांबूनच चालत होतो.