निवडीच्या टेबलावरचं गाणं

दोन हजार एकवीस साल होतं. त्या उन्हाळ्यात टोमॅटो झाडावरच भाजले. उन्हाकडच्या अंगाला पांढरे चट्टे आणि मागून लालभडक. आमच्या शेडमध्ये ते निवडायला नऊ बायका बसायच्या. चांगला एका क्रेटमध्ये, कच्चा दुसऱ्यात, डागी तिसऱ्यात. शेड माझ्या मुलाची. मी सगळ्यांत म्हातारी म्हणून टेबलाच्या टोकाला, आणि समोर माझी सून.

त्या टेबलाची एक रीत होती. हात चालू, नजर खाली, तोंड मोकळं. नवऱ्याचा मार, पोटात न टिकलेलं पोर, दिराची नजर, सगळं तिथं निघायचं. माझी सून तर माझ्यादेखत म्हणायची, "आमच्या सासूबाईंची जीभ बघितली तर सुरीला लाज वाटेल." मी मुकाट टोमॅटो निवडायची. कुणी कुणाच्या तोंडाकडं बघायचं नाही आणि शेडच्या दाराबाहेर त्यातला शब्द न्यायचा नाही. चाळीस वर्षं कुणी नेला नव्हता.

कॉलेज बंद होतं म्हणून माझ्या मुलीची मुलगी त्या वर्षी आमच्याकडं राहायला आली. एकोणीस वर्षांची. लहानपणी रडायला लागली की तीन शेतं पलीकडं ऐकू जायचं, म्हणून तिला सगळे भोंगा म्हणायचे. आवाज तसाच राहिला होता, फक्त त्याला सूर लागला होता. गाणी स्वतःच रचायची. क्रेटला मोबाइल टेकवायचा, हातातले टोमॅटो निवडता निवडता गायचं, आणि ते नेटवर टाकायचं. पहिलं गाणं तिच्या स्वतःच्या बापावर होतं, घर सोडून गेलेल्या. लाखभर लोकांनी बघितलं. दुसरं दोन लाखांनी. "इतकं खरं कुणीच गात नाही," असं लोक खाली लिहायचे. ती आम्हाला वाचून दाखवायची. आमचीही छाती फुगायची.

"भोंगे, माझ्यावर कर की एक गाणं," क्रेट उचलणारी म्हणायची.

"तुझ्यावर? अगं मावशी, तुझं वजन मोबाइलला पेलायचं नाही."

असं हसणं चालायचं.

एका दुपारी बायका पाण्याला बाहेर गेल्या होत्या. टेबलावर आम्ही तिघीच. सून एकदम हळू आवाजात बोलायला लागली. माझ्याशी नाही, भाचीशी.

आमच्या घरातलं एक दुखणं इथं सांगायला हवं. त्याच्या पाच वर्षं आधी सुनेची धाकटी मुलगी शेततळ्यात बुडाली. तीन वर्षांची होती. तळ्याला जाळी, जाळीला फाटक, फाटक तारेनं बांधायचं. त्या दिवशी ते उघडं राहिलं. दोष तळ्याच्या राखणदारावर आला. माझ्या मुलानं त्याला दांडक्यानं मारलं, उजवा हात मोडला, आणि बायकोसकट हाकलून दिलं.

"तार त्यानं सोडली नव्हती," सून म्हणाली. "मी क्रेट धुवायला गेले होते. दोन्ही हातांत क्रेट. म्हटलं, परत येऊन बांधते. आणि इथं बसले निवडायला."

भोंग्याचे हात थांबले. "मामी, मामाला माहीत आहे?"

"वेडी आहेस का? त्यांना कळलं तर थोरलीचं तोंडसुद्धा मला बघू देणार नाहीत. तीच एक राहिलीय माझ्याजवळ. कुणाला तरी एकदा सांगायचं होतं, सांगितलं. आता निवड."

मीही निवडत राहिले. ऐकलं नाही असं दाखवलं. तीच रीत होती.

पुढच्या महिन्यात भोंग्याला शहरातून बोलावणं आलं. मोठ्या काचेच्या खोलीत गाणं रेकॉर्ड करणार होते. जाताना मामीच्या गळ्यात पडून रडली. मामीनं तिच्या बॅगेत निवडून निवडून चांगले टोमॅटो भरले.

तीन आठवड्यांनी क्रेट उचलणारी मोबाइल नाचवत शेडमध्ये आली. "अगं, आपल्या भोंग्याचं नवीन आलं! पन्नास लाख लोकांनी बघितलंय!" मोबाइल रिकाम्या क्रेटमध्ये ठेवला, आवाज मोठा येतो म्हणून.

*तार सोडली मीच गं, गाठ द्यायची राहिली,*
*हात होते भरलेले, पाण्यानं वाट पाहिली,*
*हात मोडला त्याचा, मी मान खाली घातली.*

बायका पदरानं डोळे पुसत होत्या. "काय गाते पोरगी. काळीज कापलं." मग जिनं मोबाइल आणला होता तीच म्हणाली, "तार? हात मोडला? अगं, हे तर आपल्या तळ्याचं..."

त्या टेबलावर पहिल्यांदाच सगळ्यांच्या नजरा वर आल्या आणि सगळ्या सुनेकडं वळल्या. माझा मुलगा वजनकाट्यापाशी उभा होता.

तो बायकोजवळ गेला नाही. माझ्यापाशी आला. "आई, तू रोज इथं असतेस. ही असं कधी बोलली होती?"

नाही म्हणायला किती वेळ लागतो? पोरीनं मनानं रचलंय, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "मला काय विचारतोस? तिलाच विचार."

त्याला तेवढं पुरलं.

"हो," सून म्हणाली. हातातला टोमॅटो तिनं डागीच्या क्रेटमध्ये ठेवला. चांगला होता तो.

संध्याकाळच्या आत तो तिला तिच्या भावाच्या दारात सोडून आला. थोरली रस्त्यापर्यंत गाडीमागं धावली. मी तिला धरून आणलं.

मी भोंग्याला फोन केला. "एवढंच सांग सगळ्यांना, की गाणं बनवलेलं आहे. कल्पनेतलं."

"आजी, असं कसं सांगू? मी खरं गाते म्हणूनच लोक ऐकतात मला."

"खरं तुझं नव्हतं गं."

"मामीचं नाव कुठं घेतलंय मी? आणि ते गाताना मी खरंच रडले, आजी. सगळ्यांनी बघितलंय." मागून कुणीतरी तिला हाक मारली आणि तिनं फोन ठेवला.

भोंगा आता परदेशातसुद्धा जाऊन गाते. त्याच गाण्यानं कार्यक्रम संपवते, लोक मोबाइलचे दिवे लावतात. माझा मुलगा राखणदाराची माफी मागायला गेला होता. त्याचा हात कोपरातून सरळ होत नाही. राखणदार म्हणाला, "तेव्हा मला विचारलं असतं, तर मीही सांगितलं असतं की तार मी सोडली नव्हती. फाटक उघडं बघून पोरीला काढायला मीच पहिला धावलो होतो." मुलानं शेड विकली. थोरली चौदा वर्षांची झाली. आईचं नाव काढत नाही, कुणी काढलं तर उठून जाते.

सुनेला मी एकदाच भेटले. ती लांब दुसऱ्या एका शेडमध्ये निवडायला जाते. तिथं कुणाला काही माहीत नाही, ती एकटी बाई आहे एवढंच. तिथंही ते गाणं लावतात, रोज. तिनंच मला सांगितलं. एकदा शेजारची तरणी बाई गाणं ऐकून हुंदके द्यायला लागली, आणि ही आपली शांत निवडतेय बघून तिला म्हणाली, "तुमचं बरं आहे मावशी. ज्यांना पोरंच नाहीत, त्यांना काय कळणार?"

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हटलं, खरं आहे बाई. तुझा कच्चा माल माझ्या क्रेटमध्ये येतोय, तेवढं बघ."