कळंबच्या शांतलिंगचा फुटबॉल

मित्रांनो, मी एक जुना, चामडी फुटबॉल आहे. आता माझ्यात हवा टिकत नाही. पण निजामाच्या राजवटीत मला उडताना पाहायला अख्खं कळंब बाजार सोडून मैदानावर यायचं!

जोडे शिवणाऱ्या बब्रुवानकाकांनी मला शिवलं, पोटात रबरी फुगा भरला. मला पहिली लाथ मारली ती शांतलिंगनं. तो आडतीवर पोती उचलायचा आणि संध्याकाळी अनवाणी खेळायचा. त्याचा पाय लागला की मी सुसाट सुटायचो!

एकदा धाराशिवला त्यानं लागोपाठ गोल मारले. सामना संपताच हैदराबादच्या एका बड्या संघाचे कप्तान त्याला भेटले. बूट, नोकरी, खोली, सगळं देऊ म्हणाले.

"माझी टीम कळंबची हाय, साहेब," शांतलिंग म्हणाला. "दुसरीकडनं खेळायचं मला जमायचं न्हाय."

पुढं अठ्ठेचाळीस साल उजाडलं. गावोगाव दंगाधोपा झाला, निजामाची राजवट गेली. हिंदू-मुसलमान माणसं एकमेकांना बिचकू लागली. मी आडतीच्या कोपऱ्यात पडून राहिलो. उंदरांनी माझं तोंड आवळणारी वादी कुरतडली.

सारं निवल्यावर धाराशिवच्या संघानं सामन्याचं आवतन धाडलं. पण आमचा गोलकीपर मकबूल घराबाहेर पडेना. गोलात दुसरा उभा करू, असं बाकीचे म्हणू लागले. शांतलिंगनं मला तेल चोळलं, नवी वादी ओवली आणि काखेत मारून मकबूलचं दार गाठलं.

"लोक काय म्हणतील?" मकबूलनं विचारलं.

"म्हणू दे. तू गोलात नसशील, तर म्या बी मैदानात न्हाय."

मकबूलनं मला हातात घेऊन दाबून पाहिलं. "हवा कमी हाय याच्यात," म्हणाला आणि चपला घातल्या.

काय सामना झाला तो! शेवटपर्यंत बरोबरी होती. धाराशिवच्या गड्यानं मला गोलाकडं हाणलं, मकबूलनं झेपावून छातीशी धरलं आणि उंच भिरकावलं. शांतलिंगनं मला जमिनीवर टेकूच दिलं नाही. सणसणीत लाथ, आणि गोल! लोक त्याला उचलायला धावले. त्यानं आधी मकबूलला खांद्यावर घ्यायला लावलं.

गुडघा निकामी होईपर्यंत शांतलिंग खेळला, तो कळंबकडूनच.

मित्रांनो, खेळून झालं की चेंडू पुसा, चामड्याला तेल द्या. आणि एखादा गडी भीतीनं मागं राहिला असेल, तर त्याला घेतल्याशिवाय सामना सुरू करू नका.