अस्वलाची माफी

उत्तरेकडच्या बेटावरल्या आमच्या अंगून गावात डोळे अधू झालेल्याला कोणी नावं ठेवत नाही. ते लपवणाऱ्याला मात्र सोडत नाहीत. मी लपवणाऱ्यांतला.

दोन वर्षांपासून मला सगळं गढूळ दिसतंय. ‘अ‍ॅग्नेस’ हे आईच्या नावाचं आमचं शिडाचं जहाज. बत्तीस वर्षं मी त्यावरून पाहुण्यांना देवमासे आणि अस्वलं दाखवत आलो. आमच्यात असं जहाज मुलाकडे जात नाही, भाचीकडे जातं. माझी भाची लोरेना कप्तानाचा परवाना खिशात ठेवून दोन उन्हाळे माझ्या हाताखाली दोर ओढतेय. बहिणीनं बजावलं होतं, “डोळे गेले की सुकाणू पोरीला द्यायचं. लपवलंस तर माझ्याशी गाठ आहे.” मी म्हणालो, नजर अजून घारीची आहे. दुसरं काय म्हणणार? सुकाणू गेलं की घरी बसून बहिणीची बोलणीच खायची.

परवाच्या फेरीला एक निवृत्त मास्तरीणबाई आणि त्यांचे यजमान होते. सकाळीच मी रुबाबात हात लांब करून म्हणालो, “तो बघा देवमासा.” बाईंनी भराभर फोटो काढले.

लोरेना कानाशी येऊन म्हणाली, “मामा, तो खडक आहे.”

“झोपलेला देवमासा तसाच दिसतो.”

“डोक्यावर बगळा घेऊन झोपतो होय?”

तेवढ्यात खऱ्या देवमाशानं फवारा उडवला. सगळे तिकडे वळले. मीही वळलो, फक्त उलट्या बाजूला.

अकराच्या सुमारास नदीच्या तोंडाशी नांगर टाकला. तिथून सामन मासे नदीत वर चढतात आणि त्यांच्यामागे अस्वलं येतात. त्या दिवशी तास उलटला तरी एकही आलं नाही. यजमान घड्याळ बघायला लागले. मला ते झोंबलं आणि जीभ सैल सुटली. “यंदाची अस्वलं माजलीत. ढेरी सुटलीय, चालायचा कंटाळा.”

लोरेनाचा चेहरा उतरला. अस्वल कुठेही असलं तरी आपलं बोलणं ऐकतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्याला आजोबा म्हणायचं, त्याच्याशी खोटं बोलायचं नाही, आणि वाट मागून घ्यायची. मी साठीला आलो आणि पाहुण्यांवर छाप पाडायला त्याची ढेरी काढली.

“मामा, ओहोटी पूर्ण कधी?” तिनं विचारलं.

“आठला. भरती-ओहोटीच्या पुस्तकात बघूनच आलोय.”

पुस्तकात तीन होते. मला आठ दिसले. एक वाजता ‘अ‍ॅग्नेस’चं बूड चिखलाला टेकलं. मग ती हळूहळू कलली आणि बाईंचा कॉफीचा पेला यजमानांच्या मांडीवर गेला. पाणी परत येईपर्यंत चार तास तरी आम्ही तिथेच. मी सांगितलं की मुद्दामच टेकवलीय, अस्वल जवळून दिसावं म्हणून. पडलो तरी नाक वर.

तर अस्वल खरंच आलं. “आलं,” बाई पुटपुटल्या, आणि चिखलात पावलं रुतल्याचा आवाज मला ऐकू यायला लागला. कललेल्या जहाजावर चढायला त्याला शिडी लागणार नव्हती.

“मामा,” लोरेना दबक्या आवाजात म्हणाली, “बोललास तू. आता निस्तरही तूच.”

समोर किनाऱ्यावर मोठं तपकिरी काहीतरी होतं. मी टोपी काढली आणि वाकलो.

“आजोबा, चुकलो. ढेरी माझी सुटलीय, तुमची नाही. तुमच्याशी खोटं बोलत नाहीत, म्हणून सांगतो. मला दिसत नाही. तीनचे आठ वाचले. खडकाला देवमासा म्हणालो. सुकाणू सुटलं तर मी कोणाच्याच कामाचा उरणार नाही, याची भीती वाटते. म्हणून दोन वर्षं बहिणीला फसवलं, या पोरीलाही. आम्हाला जाऊ द्या.”

आजोबा जागचे हलले नाहीत. किती शांतपणे ऐकून घेतलं, असं वाटून मला भरून आलं.

लोरेनानं माझे खांदे धरले. “मामा, तो ओंडका आहे. आजोबा तुझ्या मागे आहेत.”

तिनंच मला वळवलं. दहा हातांवर ते उभं होतं, एवढं मोठं की मलासुद्धा दिसलं. त्यानं जरा हुंगलं आणि नदीकडे चालू लागलं.

बाईंनी तेवढ्यात फोटो काढला होता. ओंडक्यापुढे टोपी काढून वाकलेला मी, आणि मागे माझ्या पाठीकडे बघत असलेलं अस्वल. तो आता बहिणीच्या स्वयंपाकघरात लावलाय.

“त्यानं ऐकलं असेल का गं?” अस्वल गेल्यावर मी लोरेनाला विचारलं.

“त्याचं माहीत नाही. मी ऐकलं.”

पाचला पाणी चढलं आणि ‘अ‍ॅग्नेस’ सरळ झाली. सवयीनं मी सुकाणूपाशी गेलो, हात ठेवला, आणि बाजूला झालो. लोरेनानं सुकाणू धरलं. मला रडू येत होतं आणि ते कोणाला दिसू नये म्हणून मी समुद्राकडे बघत होतो. निदान समुद्राकडे आहे असं मला वाटत होतं.

“मामा,” ती म्हणाली, “तिकडे काय बघतोयस? शिडाचा दोर ओढ.”

मी चाचपडत दोर शोधला आणि ओढला. हाताला अजून सगळं येत होतं.