सुंदराबाईंच्या लुगड्याचा पडदा

मी पडदा बोलतोय. नाटकाचा नव्हे, लालबागच्या एका चाळीतल्या दवाखान्याचा. मूळचं मी नऊवारी लुगडं, खाणावळवाल्या सुंदराबाईंचं.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभा जोरात होत्या, त्या दिवसांत डॉक्टर कालिंदीबाई दर रविवारी चाळीच्या व्यायामशाळेत बायकांना फुकट तपासायला येऊ लागल्या. पण आडोसा नाही, म्हणून एकही बाई फिरकेना. तेव्हा सुंदराबाईंनी मला आणून दोरीवर टाकलं. मग शेजारच्या रखमापासून सगळ्यांना दंडाला धरून माझ्याआड ढकललं. आपण मात्र कधी आल्या नाहीत. गिरणीतली माणसं जेवायची खोळंबतील, हे कारण कायम तयार. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

मला धास्ती वाटे. मी अंगावर होतो तेव्हा पदराखाली, डाव्या बाजूला, त्यांचा हात पुन्हा पुन्हा एकाच जागी जाई. पण कापडाला वाचा कुठली?

मला धुवायला त्या घरी नेत. एकदा मी खोलीत वाळत असताना रखमा आली आणि तिने त्यांना तसं चाचपताना पाहिलं. दाखवून या म्हणाली. सुंदराबाई हसल्या.

"दुखणा नाय, खुपणा नाय, मगे दाखवू काय?"

रखमा वाद घालत बसली नाही. पुढच्या रविवारी जेवणारे पाटावर बसले, ताटं वाढली, पण एकानेही घास उचलला नाही. मावशी तपासून घेत नाही, एवढंच रखमाने त्यांच्या कानावर घातलं होतं. मोर्च्यांत तयार झालेली माणसं ती. त्यांतला दत्ताराम मान खाली घालून म्हणाला, "मावशे, तू जावन ये. तवसर आमचो सत्याग्रह."

वाढलेल्या ताटावर माणसं उपाशी, हे सुंदराबाईंना कसं सोसावं? रखमाच्या नावाने बोटं मोडत त्या माझ्याआड आल्या.

गाठ निघाली, सुपारीएवढी. सुंदराबाईंनी मला मुठीत घट्ट धरलं.

"दुखायच्या आधी आलात, म्हणून अजून हातात आहे," कालिंदीबाई म्हणाल्या.

परळला ऑपरेशन झालं. तोवर खाणावळ रखमाने सांभाळली. भात करपायचा, पण कुणी तक्रार केली नाही.

आता मी विरलोय. फाटलो तिथे सुंदराबाईंनी ठिगळ लावलंय. रविवारी त्या माझ्याजवळच उभ्या असतात. एखादी म्हणते, मला कुठे काय दुखतंय? तेव्हा त्या मला बाजूला सारतात.

"दुखत नाय, म्हणानच चल."

बायांनो, माझे दिवस थोडे उरलेत. तुमचे पुष्कळ असोत. या, आत या.