चालता व्हॉल्व्ह

बारा मजल्यांच्या त्या अर्धवट इमारतीत स्टोअर सांभाळणाऱ्या सूनबाई त्या दिवशी सकाळपासून हवेत होत्या. सूनबाई हे काही त्यांचं पद नव्हे, पण सासरे तिथेच पाइप फिटर असल्यामुळे सगळी साइट त्यांना तशीच हाक मारायची. दार, पंप, पंखा, व्हॉल्व्ह, जे जे गेटातून आत आलं त्याला त्यांनी बोटभर लांबीचा टॅग बांधला होता. मजल्यामजल्यावर टॅग ओळखणारी यंत्रं बसवली होती, आणि कुठली वस्तू कुठे आहे ते त्यांच्या हातातल्या यंत्राच्या पडद्यावर दिसायचं. हे खूळ त्यांनीच मोठ्या साहेबांच्या गळी उतरवलं होतं आणि आज त्याची परीक्षा होती.

"आग विझवायच्या लाइनीतला व्हॉल्व्ह, नंबर सत्तेचाळीस," साहेब म्हणाले. "अर्ध्या तासात समोर दाखवा. कुणाला विचारायचं नाही. सापडला तर तुम्ही कायम. नाहीतर महिनाअखेर यंत्रं परत, आणि तुमचंही काम संपलं."

सूनबाईंना वाटलं, हे तर डाव्या हातचं काम. पडद्यावर तिसरा मजला दिसत होता. दोघं जिना चढून तिसऱ्यावर पोचले, तर व्हॉल्व्ह पाचव्यावर. पाचव्यावर पोचले, तर तो नवव्यावर. साहेबांच्या छातीचा भाता झाला होता.

"बारा किलोचं लोखंड आहे ना ते? त्याला पाय फुटलेत का?"

"मजबूत पाय दिसतात, साहेब," सूनबाई म्हणाल्या. नोकरी जाणार हे दिसत होतं आणि तोंडातून मात्र हसू फुटत होतं. आवरेचना. त्यात पडद्यावर व्हॉल्व्ह नवव्या मजल्यावरच्या संडासात शिरला आणि चांगली चार मिनिटं आत राहिला. साहेब हसू दाबायला रुमाल तोंडावर धरून भिंतीकडे वळले.

हे नवव्यावर पोचायच्या आत तो मालाच्या लिफ्टने खाली निघाला. हेही मागोमाग. तळमजल्यावर चहाच्या बाकापाशी हातातलं यंत्र अक्षरशः किंचाळायला लागलं. बाकावर सासरे बशीतून चहा पीत होते. त्यांच्या कामाच्या शर्टाचा खिसा दोन सेफ्टी पिना लावून बंद केलेला होता.

"बाबा, खिशात काय आहे?"

सासऱ्यांनी सावकाश पिना काढल्या आणि एकेक करून अकरा टॅग बाकावर मांडले. पडद्यावर अकरा व्हॉल्व्ह बाकावर ओळीने चहाला बसले.

"व्हॉल्व्ह बसवताना पान्ह्याखाली तुटले असते," सासरे म्हणाले. "तूच जेवताना बोललीस ना, टॅग हरवला तर माझी नोकरी गेली म्हणून. मग मी काढून जपून ठेवले. एकही हरवू दिला नाही."

सूनबाईंचं हसू थांबलं. सत्तेचाळीस नंबर पाचव्या मजल्यावर जिन्यामागे घट्ट बसवलेला होता, हे सासऱ्यांनी न विचारताच सांगितलं. कुणाला विचारलं तर नव्हतंच; आता साहेबांना तिथे नेऊन व्हॉल्व्ह दाखवणं सोपं होतं. पण त्या म्हणाल्या, "साहेब, मी हरले. यांचं काही चुकलं नाही. टॅग जपा असं मी घसा फोडून सांगितलं. तो कशासाठी आहे, ते कुणाला सांगितलंच नाही."

साहेब बाकावर टेकले. त्या अकरा टॅगांकडे बघून ते असे हसले की चहावाल्याने पाण्याचा ग्लास पुढे केला.

"पुढच्या इमारतीत," डोळे पुसत ते म्हणाले, "हे आधी सांगा लोकांना."

'पुढच्या' हा शब्द सूनबाईंच्या कानापर्यंत पोचायला जरा वेळ लागला. पोचला तेव्हा त्यांनी सगळ्यांदेखत सासऱ्यांचे दोन्ही हात घट्ट धरले. डोळे भरून आले होते.

सासरे अवघडून गेले. मग हळूच म्हणाले, "मग आता हा शर्ट धुवायला टाकला तर चालेल ना? अकरा दिवस झाले."